तेवीस विजय, सहा बरोबरी, एक पराभव: मियेल्बीचा २०२५ चा हंगाम

स्वीडनच्या अव्वल फुटबॉल साखळीचं नाव आल्स्वेन्स्कान. २०२५ च्या हंगामाअखेर तिच्या गुणतक्त्यातली पहिली ओळ अशी होती: मियेल्बी एआयएफ, सामने ३०, विजय २३, बरोबरी ६, पराभव १, केलेले गोल ५७, खाल्लेले गोल १८, गुण ७५. दुसऱ्या क्रमांकावरच्या हाम्मार्बीचे गुण ६२. या साखळीत एका हंगामात कुणालाच एवढे गुण मिळाले नव्हते. आधीचा विक्रम ६७ चा होता. तो २०१० मध्ये माल्मोने केला होता आणि २०१८ मध्ये एआयकेने त्याची बरोबरी केली होती. माल्मो हे स्वीडनमधलं तिसरं मोठं शहर आणि एआयके राजधानी स्टॉकहोमचा क्लब. मियेल्बी मात्र दीड हजारांच्या आत वस्तीचं गाव आहे. आपल्याकडे एवढ्या वस्तीला एक ग्रामपंचायत असते.

मियेल्बीच्या विजेतेपदावर जगभर पुष्कळ लिहिलं गेलं. बहुतेकांनी परीकथा म्हटलं, चमत्कार म्हटलं, २०१६ मध्ये अनपेक्षितपणे इंग्लंडची अव्वल साखळी जिंकलेल्या लेस्टरची आठवण काढली. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण त्या ओळीतच आहे. नशिबाने करंडक मिळतो, एखादा अंतिम सामना जिंकता येतो. पण सात महिन्यांत तीस सामने खेळून एकदाच हरायचं, हे नशिबाच्या आवाक्याबाहेरचं काम आहे. तेव्हा ७५ गुण नेमके आले कुठून, एवढाच प्रश्न मी या प्रकरणात धरला आहे.

आधी जागा समजून घेऊ. स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्लेकिंगे प्रांतात लिस्टरलांडेट नावाचा जमिनीचा तुकडा बाल्टिक समुद्रात शिरला आहे. त्याच्या किनाऱ्यावर हेलेविक हे मासेमारीचं गाव आहे. मियेल्बीचं मैदान स्ट्रांडवालेन तिथेच, समुद्राला लागून आहे. प्रेक्षक मावतात सहा-सात हजार, म्हणजे मियेल्बी आणि हेलेविक मिळून जेवढी माणसं राहतात त्यांच्या दुपटीहून जास्त. आजूबाजूच्या वस्त्यांमधून, सोल्वेस्बोर्ग या जवळच्या छोट्या शहरातून आणि त्याही पलीकडून माणसं येतात तेव्हा कुठे स्टँड भरतात. क्लब १९३९ मध्ये स्थापन झाला. अव्वल साखळीत तो पहिल्यांदा पोहोचला १९८० मध्ये, पण टिकला नाही. १९८३ आणि १९८५ मध्ये तो पुन्हा वर आला, एकेक वर्षच राहिला आणि खाली गेला. पुढे २०१० पर्यंत वर येणं जमलंच नाही. २०१० ते २०१४ ही सलग पाच वर्षं तेवढी बरी गेली.

त्यानंतर घसरगुंडी सुरू झाली. आपल्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, वर्षानुवर्षं तळाच्या संघाला खाली ढकललं जात नव्हतं, म्हणून या शिडीचा धाक आपल्याकडच्या प्रेक्षकाला चटकन जाणवत नाही. स्वीडनमध्ये सोळा संघांपैकी तळाचे दोन थेट खाली जातात आणि चौदाव्याला जीव वाचवण्यासाठी प्ले-ऑफ खेळावा लागतो. मियेल्बी २०१४ मध्ये अव्वल साखळीतून पडलं. २०१५ मध्ये दुसऱ्या स्तरावरूनही पडलं. २०१६ मध्ये तिसऱ्या स्तरावर खेळताना चौथ्या स्तरावर जाता जाता थोडक्यात वाचलं. तिजोरीत खडखडाट होता. गावातल्या क्लबच्या बाबतीत या टप्प्यावर बहुतेकदा एकच गोष्ट घडते. चांगली पोरं निघून जातात, जाहिरातदार पाठ फिरवतात आणि पुढच्या पिढीला फक्त आठवणी ऐकायला मिळतात.

२०२५ चं मूळ मी या २०१६ मध्ये शोधतो. क्लब मोडकळीला आला असताना उद्योजक मॅग्नस एमेउस यांनी अध्यक्षपदाची धुरा घेतली. पैशाची शिस्त आधी, स्वप्नं नंतर, असा क्रम लागला. २०१८ मध्ये संघाने तिसरा स्तर जिंकला, २०१९ मध्ये दुसरा, आणि २०२० मध्ये अव्वल साखळीत परतून थेट पाचवा क्रमांक मिळवला. मिलोश मिलोयेविच हे त्या चढाईचे प्रशिक्षक. वर आल्याबरोबर ते मोठ्या क्लबकडे गेले, आणि तसं होणारच होतं. छोट्या क्लबला आपल्या माणसांना धरून ठेवता येत नाही. म्हणून माणूस गेला तरी चालत राहील अशी पद्धत बसवावी लागते.

या पद्धतीच्या केंद्रस्थानी जी व्यक्ती आली ती फुटबॉलच्या रूढ मुशीत घडलेली नव्हती. आंडर्स टॉर्स्टेन्सन यांनी आधी सैन्यात नोकरी केली, नंतर शाळेचे मुख्याध्यापक होते. मियेल्बीच्या प्रशिक्षकपदाची जबाबदारी त्यांनी वेगवेगळ्या काळात घेतली. २०२१ मध्ये संघ गटांगळ्या खात असताना ते धावून आले आणि संघ वाचवला. २०२३ पासून पुन्हा त्यांच्याकडेच सूत्रं आली. त्याच वर्षी संघ स्वीडिश करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. सामना घरच्या मैदानावर, स्ट्रांडवालेनवर झाला आणि हेक्केनने ४-१ असा धुव्वा उडवला. २०२४ मध्ये त्यांना रक्ताच्या कर्करोगाचं, दीर्घकाळ चालणाऱ्या प्रकारच्या ल्युकेमियाचं निदान झालं. त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं आणि काम चालू ठेवलं. त्या हंगामात संघ पाचवा आला, गुण ५०. यावर भावुक होऊन बरंच लिहिता येईल. मला त्यातली एकच गोष्ट या प्रकरणासाठी महत्त्वाची वाटते: प्रमुखाने सगळं स्वतःच्या मुठीत ठेवलं नाही. मुख्याध्यापक स्वतः गणित शिकवत नाही, गणिताचा चांगला शिक्षक आणतो आणि त्याला वर्ग मोकळा करून देतो. टॉर्स्टेन्सन यांनी नेमकं तेच केलं.

हा गणिताचा शिक्षक म्हणजे त्या हंगामातले सहप्रशिक्षक कार्ल मारिउस आक्सुम. नॉर्वेचे, वयाने तिशीत. फुटबॉलपटू मैदानावर काय पाहतो, कधी पाहतो, या विषयात त्यांनी पीएचडी केली आहे. डोळ्यांची हालचाल टिपणारे चष्मे घालून खेळाडू प्रत्यक्ष सामन्यात कुठे बघतात, हे त्यांनी तपासलं. कागदावर हे कोरडं वाटतं, म्हणून एक क्षण जवळून पाहू.

मधल्या फळीतला खेळाडू आपल्या गोलकडे तोंड करून उभा आहे. बचावपटू त्याच्याकडे पास देतो. चेंडू वाटेत आहे, दीड-दोन सेकंदांचा प्रवास. शिकाऊ खेळाडू या वेळात चेंडूकडे टक लावून बघतो, कारण तो नीट थांबवायचा आहे. चेंडू पायात आल्यावर मान वर करतो, आणि तोवर पाठीमागून प्रतिस्पर्धी अंगावर आलेला असतो. मग उरतो तो एकच मार्ग, चेंडू जिथून आला तिथेच परत. तयार खेळाडू मात्र पास निघण्याआधीच मान वळवून खांद्यावरून मागे बघतो. चेंडू वाटेत असताना आणखी एकदा, झरकन. चेंडू पायाशी येईपर्यंत पाठीमागे मोकळी जागा कुठे आहे, कोण धावत सुटलंय, अंगावर कोण येतंय याचं चित्र त्याच्या डोक्यात तयार असतं. पहिला स्पर्श होतो तोच पुढच्या दिशेला. या मान वळवण्याला फुटबॉलवाले स्कॅनिंग म्हणतात. त्यासाठी ना उंची लागते, ना वेग, ना दहा कोटींचा खेळाडू. ती सवय आहे आणि सरावाने अंगात भिनवता येते. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याने नेमकं असंच काही शोधायला हवं, जे बाजारात विकत मिळत नाही आणि म्हणून श्रीमंतालाही विकत घेता येत नाही.

आता पुन्हा त्या ओळीकडे. २०१८ चं एआयके आणि २०२५ चं मियेल्बी शेजारी ठेवून बघा. एआयके: १९ विजय, १० बरोबरी, १ पराभव, गोल ५२-१६. मियेल्बी: २३ विजय, ६ बरोबरी, १ पराभव, गोल ५७-१८. पराभव दोघांचा एकेक. बचाव जवळपास सारखा, एआयकेचा किंचित सरसच. मग आठ गुणांचा फरक कुठून आला? चार बरोबऱ्यांच्या जागी चार विजय. प्रत्येक वेळी एकाऐवजी तीन गुण, म्हणजे दोन जास्तीचे, चार वेळा मिळून आठ. विक्रमाचा सगळा हिशेब इथे संपतो.

म्हणजे चिवट बचाव ही अर्धीच गोष्ट आहे. गरीब संघ मागे दाटीवाटीने उभे राहतात, गोल खात नाहीत आणि ०-० वर समाधान मानतात. मियेल्बी पूर्वी असंच खेळायचं, लांब चेंडू आणि धसमुसळेपणा. टॉर्स्टेन्सन-आक्सुम जोडीने त्यावर दुसरा मजला चढवला. मागे तीन सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, दोन्ही कडांना वर-खाली सतत धावणारे विंगबॅक, एका कडेला हेर्मन योहान्सन आणि दुसऱ्या कडेला एलियट स्ट्राउड, आणि चेंडू पायात ठेवून शांतपणे वाट काढणारी मधली फळी. बरोबरीत अडकलेला सामना सुटतो तो बहुतेकदा अशाच शांतपणामुळे. शेवटच्या वीस मिनिटांत घायकुतीला येऊन चेंडू पुढे भिरकावला की समोरच्याचं काम सोपं होतं. सरासरी काढली तर सामन्याला जवळजवळ दोन गोल केले आणि एकाहूनही कमी, ०.६ खाल्ले. साखळीत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू मियेल्बीचा नव्हता, हेही लक्षात घ्या. एका हुकमी पायावर हा संघ उभा नव्हता.

खेळाडू कोण होते, हे बघितलं की पैशाचा प्रश्न आणखी उलगडतो. कर्णधार जेस्पर गुस्तावसन तिसऱ्या स्तरावरच्या वाईट दिवसांतही याच जर्सीत होता. आघाडीवीर याकोब बेरिस्ट्रम ब्लेकिंगेचाच, मध्ये स्टॉकहोमच्या युर्गोर्डेनकडे गेला आणि परत आला. सेंटर-बॅक टॉम पेटरसन ३५ वर्षांचा. दुसरा सेंटर-बॅक अब्दुल्ला इक्बाल डेन्मार्कमध्ये वाढलेला, पाकिस्तानच्या राष्ट्रीय संघाचा खेळाडू. आपल्या उपखंडातल्या एखाद्या देशाचा आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू युरोपातल्या अव्वल साखळीच्या विजेत्या संघात खेळतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी उचलली नाही याचं मला वाईट वाटतं. गोलरक्षक नोएल टोर्नक्विस्टला इटलीच्या कोमोने हंगामाच्या मध्यावरच घेतलं, पण मियेल्बीने त्याला वर्षअखेरपर्यंत उसना ठेवून घेतलं. विकायचं, पण हंगाम मोडू द्यायचा नाही. क्रीडा संचालक हासे लार्शन आणि मंडळींचं हे कसब मैदानावर दिसत नाही, गुणतक्त्यात मात्र उतरतं. मोठ्या घरची पोरं इथे फारशी नव्हती. कुणी इतरत्र नाकारलेले, कुणी परतलेले, कुणी कधी सोडूनच न गेलेले.

आता उलटतपासणी, कारण तिच्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. मियेल्बीला त्या वर्षी एक मोठी सवलत मिळाली होती. २०२४ मधल्या पाचव्या क्रमांकाने त्यांना युरोपीय स्पर्धेचं तिकीट मिळालं नाही, त्यामुळे आठवड्याला साधारण एकच सामना, बाकी दिवस विश्रांती आणि सराव. याउलट युर्गोर्डेन मे महिन्यापर्यंत कॉन्फरन्स लीग या युरोपीय स्पर्धेत होतं, उपांत्य फेरीत इंग्लंडच्या चेल्सीशी खेळलं. माल्मो आणि हेक्केन शरद ऋतूत युरोपात फिरत होते. हाम्मार्बी आणि एआयके उन्हाळ्यात पात्रता फेऱ्या खेळले. सलग दोन वर्षांचं विजेतं माल्मो शेवटी सहाव्या क्रमांकावर घसरलं आणि हंगाम संपायच्या आत प्रशिक्षक हेन्रिक रीडस्ट्रम यांना जावं लागलं. तेव्हा रान मोकळं होतं, हे खरंच आहे. पण रान मोकळं असलं की विजेतेपद ६२-६३ गुणांतही मिळतं. हाम्मार्बीपुढे जायला ६३ पुरले असते. वरचे बारा गुण कशाचे, याचं उत्तर प्रतिस्पर्ध्यांच्या दमछाकीत सापडत नाही. शिवाय याच साखळीत आजवर कितीतरी संघ युरोपाविना हंगाम खेळले. त्यांतल्या कुणालाच सत्तरी गाठता आली नाही.

पाठीशी कुणाचा तरी मोठा पैसा असल्याशिवाय छोटं गाव जिंकत नाही, हा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्याचं उत्तर मियेल्बीच्या बाहेर शोधावं लागतं. छोट्या गावाने स्वीडनमध्ये याआधीही विजेतेपद मिळवलं आहे. १९७२ आणि १९७३ मध्ये ओटविडाबेरीने सलग दोनदा साखळी जिंकली. पण त्या गावात फासिट हा गणकयंत्रांचा जगप्रसिद्ध कारखाना होता आणि क्लबच्या पाठीशी तो उभा होता. कारखाना बुडाला तशी ती ऐटही गेली. मग मियेल्बीच्या पाठीशी कोण? इथे एक नियम कामाला येतो. स्वीडनमध्ये क्लबच्या मतांपैकी किमान ५१ टक्के सभासदांच्या संस्थेकडेच राहिली पाहिजेत. कुणी अब्जाधीश येऊन क्लब विकत घेऊ शकत नाही. माल्मोचं अंदाजपत्रक मियेल्बीच्या कितीतरी पट असलं, तरी ती दरी इंग्लंडमधल्यासारखी अथांग होत नाही. सभासदांचा आवाज किती ठणठणीत आहे, ते २०२४ मध्ये दिसलं. युरोपातल्या बहुतेक मोठ्या साखळ्यांनी व्हिडिओ रेफरी, म्हणजे चित्रण पाहून निर्णय तपासणारे पंच, स्वीकारले असताना स्वीडनच्या क्लबांनी चाहत्यांच्या दबावाखाली ते नाकारले. २०२५ चा हा हंगामही व्हिडिओविनाच झाला. गोल झाला की तो झाला. रेषेवरच्या पंचाचा झेंडा वर गेला नाही एवढं पाहिलं की उड्या मारायला मोकळे.

म्हणून लेस्टरशी तुलना मला चुकीची वाटते. लेस्टरच्या मागे परदेशी मालकाचा पैसा होता, आणि शहर साडेतीन लाखांचं. मियेल्बीची गोष्ट वेगळीच शक्यता दाखवते: नियमांनी पैशाला लगाम घातला असेल, तर नऊ वर्षं नीट काम करणारं गाव शहरांच्या पुढे जाऊ शकतं. माझ्या मते पद्धत, माणसांचं सातत्य आणि साखळीचा नियम या तीन गोष्टींमध्ये नियमाचं वजन सगळ्यात जास्त आहे. बाकी दोन तर इतर देशांतल्या छोट्या क्लबांकडेही असतात, आणि तरी ते जिंकत नाहीत.

२० ऑक्टोबर २०२५, सोमवार. आपल्याकडे नरक चतुर्दशी, पहाटेची अभ्यंगस्नानं आटोपून दिवस फराळात गेलेला. तिकडे गोथेनबर्गच्या गामला उल्लेवी मैदानावर संध्याकाळी मियेल्बीचा सामना आयएफके योतेबोरीशी होता. योतेबोरी म्हणजे यूएफा कप ही युरोपीय स्पर्धा दोनदा जिंकलेला क्लब, स्वीडिश फुटबॉलच्या जुन्या घराण्यांपैकी एक. जिंकलं की विजेतेपद पक्कं. पहिला गोल परतून आलेल्या बेरिस्ट्रमचा, दुसरा पस्तिशीतल्या पेटरसनचा. २-०. तीन फेऱ्या शिल्लक आणि आघाडी अकरा गुणांची. तेव्हा खात्यावर ६६ गुण जमा होते, म्हणजे विक्रमाच्या एकच पायरी खाली. करंडक पक्का झाल्यावर पुष्कळ संघ ढिले पडतात. मियेल्बीने उरलेले तिन्ही सामने जिंकले. माझ्या लेखी संघाची खरी जात त्या तीन सामन्यांत दिसली, कारण तेव्हा कुणी त्यांच्याकडे काही मागत नव्हतं.

त्याच गुणतक्त्याचं खालचं टोकही बघायला हवं. व्हॅर्नामो आणि ऑस्टर थेट खाली गेले. नॉरशॉपिंगला प्ले-ऑफ खेळावा लागला, आणि गोथेनबर्गच्या ऑर्ग्रुतेकडून हरून तेही गेले. नॉरशॉपिंग हे लाखभर वस्तीचं औद्योगिक शहर, फुटबॉलचा मोठा वारसा असलेलं. २०१५ मध्ये याच नॉरशॉपिंगने आल्स्वेन्स्कान जिंकली होती. मियेल्बी दुसऱ्या स्तरावरून तिसऱ्यावर पडलं, तेही त्याच वर्षी.